लढाईचं पितळ आणि सासूबाईंची चिंच

आमच्या अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या घराचं गॅरेज गाडीच्या वाट्याला कधी आलंच नाही. आधी तिथे तांदळाच्या गोण्या होत्या, मग कोणीही न वापरलेली ट्रेडमिल आली, आणि लेक बारावीला गेल्यापासून दारूगोळ्याचं भंगार. घाबरू नका, रिकामं! लढाईत झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ती लष्करी भंगाराच्या दुकानातून मागवायची आणि कापून, ठोकून त्यांच्या अंगठ्या, बांगड्या, झुमके करायची. सुट्टी असली की दिवसभर ठाक ठाक. शेजारीण एकदा विचारून गेली, किचनचं काम काढलंय का. मी सरळ हो म्हटलं. काय सांगणार, पोरगी काडतुसांचे झुमके करतेय?

नवरा तर रोज कपाळावर हात मारायचा. "अगं, भंगारवालीच व्हायचं होतं तर मी व्हिसासाठी एवढ्या खेपा कशाला घातल्या यार?" लेकीला आर्ट कॉलेजला जायचं होतं आणि त्याला वाटायचं तिनं कम्प्युटर घ्यावं. जेवताना दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची. मी काय कस्टमर केअर आहे का? शेवटी त्यानंच अट घातली. गावच्या क्राफ्ट फेअरमध्ये टेबल लाव, सगळा माल खपला तर आर्ट, नाहीतर मुकाट्यानं कम्प्युटर.

"डील," लेक म्हणाली.

फेअर शनिवारी होती. शुक्रवारी ऑफिसातून आले तर घरभर आंबट वास. साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई पदर खोचून सिंकपाशी उभ्या, आणि ओट्यावर लेकीचे सगळे दागिने देवघरातल्या समईसारखे लखलखीत.

"पोरीचं किती काळं पडलं होतं गं सगळं," त्या म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून घासलं. बघ कसं सोन्यावानी झालं!"

अहो, तो काळेपणा हाच तर तिचा माल होता! ते डाग तिनं तळहातावरच्या फोडासारखे जपले होते. टेबलावर ठेवायला पाटीही छापून आणली होती, की हे डाग लढाईचे आहेत आणि मुद्दाम राखले आहेत.

लेक आली, तिनं बघितलं, "आजी! दॅट वॉज द होल पॉइंट!" म्हणून ओरडली आणि तरातरा बाहेर पडून गॅरेजमध्ये शिरली. तिला दार आपटायचं होतं. पण गॅरेजचं दार आपटत नाही, ते बटण दाबल्यावर घरघर करत सावकाश खाली येतं. तिचा राग पूर्ण होईपर्यंत मी, सासूबाई आणि नुकताच घरी आलेला नवरा असे आम्ही तिघं ड्राइव्हवेवर बघत उभे राहिलो.

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला दोघींचा राग आला आणि दोघींची दयाही आली. नवऱ्याचा मात्र नुसताच राग, कारण तो गालातल्या गालात हसत होता.

शनिवारी टेबल लागलं. पाटी तीच, आणि समोर औषधाला डाग नाही. लोक पाटी वाचायचे, बांगडी डोळ्याशी धरून डाग शोधायचे आणि हसून पुढे जायचे. लेक रडकुंडीला आली. मागे साडी, स्वेटर आणि स्नीकर्स घालून बसलेल्या सासूबाईंना ते बघवेना. त्या उठल्या, एका गोऱ्या बाईचा हात धरला, पंजा दाबला आणि कासारणीच्या सराईतपणे बांगडी चढवली. बाई "ओह!" म्हणाली. बांगडी काही उतरेना, मग बिचारीनं विकत घेतली. अशा आणखी दोघी-तिघी सापडल्या.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. टोपीवर त्यांनी लढलेल्या युद्धाचं नाव भरलेलं. पाटी वाचून त्यांनी एक अंगठी उचलली आणि विचारलं, डाग कुठे गेले? लेकीनं आजीकडे बोट केलं. "आस्क हर." म्हणजे भाषांतराला परत मीच.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ लढाईवरून आला ना, तर बोलायचाच नाही. नुसता ओसरीवर बसून राहायचा. मला काय करावं सुचेना. मग मी त्याच्या वर्दीची बटणं चिंचेनं घासत बसायचे त्याच्याजवळ. माणूस परत आला ना? मग घासायला नको?"

मी सांगितलं. ते गृहस्थ बराच वेळ अंगठी फिरवत राहिले, मग त्यांनी ती करंगळीत घातली आणि टोपी काढून सासूबाईंना थँक यू म्हणाले.

"वेलकम," सासूबाई म्हणाल्या. त्यांना येणारं इंग्रजी तेवढंच.

लेकीनं पाटी उचलून टेबलाखाली ठेवली आणि खुर्ची आजीच्या खुर्चीला चिकटवली.

सगळं काही खपलं नाही. झुमके बहुतेक उरले. परतताना गाडीत अट सगळ्यांनाच आठवत होती. लेक खिडकीबाहेर बघत होती. आपल्या मामाची ही गोष्ट टेबलामागे उभ्या असलेल्या नवऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली होती.

घराचं वळण आलं आणि त्यानं गाडी सरळ पुढे नेऊन इंडियन ग्रोसरीसमोर थांबवली. आत गेला, चिंचेची पाकिटं घेऊन आला आणि ती सगळी लेकीच्या मांडीवर ठेवली.

"आर्ट कॉलेजच्या डॉर्ममध्ये मिळायची नाही," तो म्हणाला.