आठ महिने शून्य

घरातून निघाल्यावर काकू गॅस बंद आहे का ते पाहायला जिन्यातून परत येतात. कधी दोनदा येतात. "तुझ्याबरोबर वेळेवर पोचायचं तर आदल्या दिवशीच निघायला हवं," असं नवरा म्हणतो.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत त्या अकरा वर्षं नोंदणीचं काम करतात. चार हजार माणसांची मापं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. जुना पाय झिजला की नवा त्याच मापावरून बनतो. रोज निघताना त्या बॅकअप घेतात, त्या तारखेची फाइल आलेली पाहतात आणि वहीत खूण करतात.

त्या दिवशी दुपारी मेकॅनिक काकूंचा हाच जुना कॉम्प्युटर न्यायला येणार होता. त्याची डिस्क कुरकुरायला लागली होती. सकाळी काकूंची सहज फाइलींच्या आकारावर नजर गेली. शून्य. कालची शून्य, परवाचीही. मागे मागे गेल्या, तर आठ महिने शून्य. त्याआधीच्या फाइली, जागा पुरेना म्हणून, त्यांनीच पुसल्या होत्या.

पुन्हा बॅकअप चालवला. 'काम पूर्ण झाले' असं पडद्यावर आलं. फाइल शून्य. पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच. खुर्चीत बसवेना. खिडकी उघडली, परत लावली. मग तडक साहेबांकडे गेल्या.

"आठ महिन्यांचा बॅकअप नाही. मी फाइल उघडून न बघताच खूण करत होते."

"आणि मी खूण बघून सही करत होतो," साहेब म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वी बदललं काय?"

काकूंना आठवलं. सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड नको, म्हणून त्यांनीच बॅकअपसाठी वेगळं खातं काढलं होतं. सावधगिरी म्हणून त्याला अगदी कमी अधिकार दिले. इतके कमी, की खातं आत शिरायचं, पण त्याला एकही नोंद दिसायची नाही. दिसलं तेवढं ते इमानाने उतरवून घ्यायचं.

"म्हणजे सुनेला घरात घेतलं आणि कपाटांना कुलपं घातली!" दारातून मेकॅनिक म्हणाला. तो नेमका आजच लवकर आला होता.

"थट्टा पुरे. त्या यंत्राला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या.

त्या खात्याला नोंदी बघायचे अधिकार देऊन त्यांनी बॅकअप सुरू केला. डिस्क कण्हत होती. फाइलचा आकडा वाढायचा, थांबायचा. तो थांबला की काकू उभ्या राहायच्या. वीस मिनिटांनी एकदाचं संपलं.

"झालं ना? नेऊ?"

"नाही."

त्यांनी फाइल साहेबांच्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडली. एका सुताराचा डावा पाय निघाला, पोटरीच्या घेरासकट. मग एका शिक्षिकेचा.

"काकू, चार हजार उघडणार का?" मेकॅनिकने विचारलं.

"कालची नोंद अजून दिसली नाही. बसा. पाणी हवंय?" म्हणत त्यांनी पुढचं नाव उघडलं.