षम तारखेस पार्किंग

मराठीची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले, पण लाल पेन हातातून सुटलं तरी डोक्यातून सुटलं नाही. दुकानाची पाटी, रिक्षाची पाठ, लग्नपत्रिका, जे समोर येईल ते मी तपासते. ‘शुभ आर्शिवाद’ दिसलं की माझं डोकं फिरतं. आमचे हे म्हणतात, हिला देवळात नेलं तरी ही आधी देणगीदारांच्या फरशीवरचं शुद्धलेखन बघेल. त्यात खोटं काही नाही. षटकोनातला ष आणि समईतला स एक नव्हे, हे पोरांना सांगण्यात माझा जन्म गेला, आणि त्याच दोन अक्षरांनी मला तोंडघशी पाडलं.

भाजीसाठी मी स्कूटरवरून पंचवटीत जाते. बाजाराच्या अलीकडे एक अरुंद गल्ली आहे. तिथे सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या आणि विषम तारखेला दुसऱ्या. तसे बोर्डही होते, पण ते कोणी वाचत नसे. गल्लीत एक फुलवाली मावशी बसायची, तिच्यावरूनच सगळ्यांना कळायचं. ज्या बाजूला त्या दिवशी गाड्या लागायच्या नाहीत, त्या मोकळ्या बाजूला ती आपली टोपली मांडायची. मावशी डावीकडे असली की गाडी उजवीकडे, इतकं सोपं.

तिचीही त्यात सोय होती. आपल्या पायरीपुढे रोज कोणी बसलेलं कुठल्याच दुकानदाराला खपत नाही, पण एक दिवसाआड बसलं तर माणूस चालवून घेतो. आज भांडीवाल्यापुढे, उद्या समोरच्या किराणावाल्यापुढे. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की दोन्ही विषम, मग लागोपाठ दोन दिवस भांडीवाल्याच्याच दारात. दुसऱ्या दिवशी तो हटकून कुरकुरायचा आणि मावशी त्याच्या बायकोसाठी गजरा देऊन त्याला गप्प करायची. तारखेचा हिशेब तिला चुकवून चालायचं नाही. माझ्या शेवंतीची पुडी बांधताना ती नेहमी विचारायची, “बाई, उद्या तारीख काय?” मी सांगायचे. मोबाइल तिच्या कमरेला असायचा, पण तारीख ती माणसालाच विचारायची.

मध्ये ती लेकीच्या बाळंतपणासाठी दिंडोरीला गेली. त्यातल्याच एका सकाळी मी गेले तर गल्लीत ना मावशी, ना एखादी गाडी. नाइलाजाने मी बोर्ड वाचला. बोर्डाच्या डाव्या कडेला कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता आणि त्यातून ‘षम तारखेस पार्किंग’ एवढंच दिसत होतं. डोक्यातलं लाल पेन लगेच चाललं. पेंटरने सचा ष केला, असं चरफडत मी मनातल्या मनात ते ‘सम’ करून टाकलं. तारीख सम होती. स्कूटर लावली आणि मेथी घ्यायला गेले. फ्लेक्सच्या खाली एक ‘वि’ असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुपारी मोबाइलवर चलान आलं, स्कूटरच्या फोटोसकट. हे म्हणाले, भरून टाक आणि विषय संपव. पण मी कसली ऐकते. बोर्डावर फ्लेक्स लटकू द्यायचा वाहतूकवाल्यांनी आणि भुर्दंड मात्र मी सोसायचा, हे मला पटेना. बोर्डाचा फोटो काढून मी वाहतुकीच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथले साहेब भले गृहस्थ होते. फोटोतलं ‘षम’ त्यांनी मोठ्याने वाचलं आणि त्यांना हसू आलं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते म्हणाले, पण तुमची बाजू लेखी मांडा.

मग काय विचारता. मी अशी बाजू मांडली की काना-मात्रेची चूक शोधून सापडू नये. शेवटी लिहिलं, बोर्ड असा असावा की वाचणाऱ्याच्या मनात कसलीही शंका उरू नये. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते यांना दोनदा वाचून दाखवलं.

पाहणीसाठी एक हवालदार आला तोवर मावशी परतली होती. मीच तिला पुढे केलं. बोर्डावरून कुणाला काही कळत नाही, एवढं तिने सांगावं असं माझं म्हणणं होतं. आपल्या बाईंसाठी तिने हौसेने सांगितलं. “साहेब, त्या बोर्डाकडं कोणीच बघत नाय. लोकं मला बघून गाड्या लावतात.” हवालदाराने तिच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, पावलं टाकून गल्लीची रुंदी मोजली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट साक्ष छान झाली, असं मी घरी येऊन सांगितलं.

माझं चलान रद्द झालं. आणि काही दिवसांनी गल्लीत नवे बोर्ड आले, दोन्ही बाजूंना, ठळक अक्षरांत. नो पार्किंग. शुद्धलेखनाची चूक नाही आणि शंकेला जागा नाही.

गाडी लावता येईना म्हणून लोक पलीकडच्या मोठ्या रस्त्याने जाऊ लागले. त्याहून वाईट म्हणजे, गल्लीतून तारीखच गेली. सम नाही, विषम नाही, तर मावशीने आज या बाजूला का आणि उद्या त्या बाजूला का, याला काही कारणच उरलं नाही. भांडीवाला म्हणे समोर बस, किराणावाला म्हणे समोर बस. मी भांडीवाल्याकडे रदबदली केली. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की एक दिवसाआड ठीक होतं, रोजचं कसं जमणार. मी पुन्हा ऑफिसात गेले, पूर्वीसारखं करा म्हणून विनवलं. साहेबांना आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या अर्जावरूनच तर केलंय.

मावशी मला मग बाजाराच्या मागच्या अंगाला दिसली, जिथे कोबीचा पाला टाकतात तिथे. गिऱ्हाईक नव्हतं. झेंडू मलूल झाला होता. मी नात कशी आहे ते विचारलं. बरी हाय म्हणाली. तिला बहुतेक सगळं कळलेलं होतं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं.

“तुम्ही तुमची बाजू मांडली, बरं झालं बाई,” ती म्हणाली. “आता मी कुठल्या बाजूला मांडू, तेवढं सांगा.”

चलान भरून टाकलं असतं तर किती बरं झालं असतं, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. मी नेहमीची शेवंती मागितली. तिने पुडी बांधली, दोरा तोडला आणि पुडी माझ्या हातात दिली. मी उगाच थोडा वेळ थांबले. उद्याची तारीख तिने विचारली नाही.