शुक्रवारचं टर्न डाउन

“ही बाई चालणार नाही. पाच खोल्यांत बाथरूमचा दिवा तसाच जळतोय!” आमचे नवे मॅनेजर फोनवर कडाडले. शुक्रवारची संध्याकाळ होती. इस्रायलमधल्या एलातच्या त्या हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायजर होते. ‘ही बाई’ म्हणजे डिमोना गावची साराबाई, माझ्यासारखीच महाराष्ट्रातून आलेली ज्यू. तिची ट्रायल रविवारी संपत होती. साहेबांची सही झाली तर नोकरी पक्की, नाही तर बसने घरी परत. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीवर.

साहेब इंग्लंडचे. त्यांनी आल्या आल्या ‘टर्न डाउन’ सुरू केलं होतं. हे क्रियापद मोठं मजेशीर. मुंबईच्या शाळेत मी ते नकार देणे म्हणून शिकले. स्थळ टर्न डाउन करतात. रेडिओ टर्न डाउन करायचा म्हणजे आवाज बारीक करायचा. हॉटेलात मात्र पाहुणा संध्याकाळी जेवायला गेला, की पलंगपोस काढायचा, पांघरुणाचा कोपरा दुमडायचा, पडदे ओढायचे, दिवे मालवायचे. साराबाईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “पोरास निजवतात तसा बिछाना करून द्यायचा, त्यास एवढा इंग्लिश शब्द कशाला गो?”

अशी बाई काम टाळेल हे मला पटेना. आम्ही तिघं खोल्या बघायला गेलो. पांघरुणं दुमडलेली, पडदे ओढलेले. फक्त बाथरूमचा दिवा चालू आणि दार किंचित उघडं. शेजारच्या खोल्यांत मात्र सगळे दिवे बंद. विसरली असती तर एखाद्या खोलीत विसरली असती. नेमक्या या पाचच का?

“साराबाई, इथलेच दिवे का ठेवलेत?”

तिने टेबलाकडे बोट केलं. फडक्याखाली दोन पाव झाकलेले होते. पाचही खोल्यांत तेच. “शब्बाथ पाळणारी माणसं हायेत, बाय. सूर्य बुडायच्या आधी दिवा लावून गेलीत. म्या कसा विझवू?”

मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. “त्यात काय? आल्यावर पुन्हा लावतील,” ते म्हणाले.

मी समजावलं, “नाही लावणार. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, तो आज सूर्यास्ताला सुरू झाला; उद्या अंधार पडेपर्यंत ते बटणाला हात लावत नाहीत. आपण मालवला, तर रात्रभर बाथरूममध्ये चाचपडतील.”

साहेबांनी हळूच विचारलं, “गेल्या दोन शुक्रवारी काय केलं आपण?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दोन्ही शुक्रवारी साराबाईची सुट्टी होती. दिवे टर्न डाउनच्या कामांच्या यादीप्रमाणे मालवले गेले होते. ती यादी इंग्रजीतून हिब्रूत मीच उतरवली होती, आणि खोली तपासून प्रत्येक ओळीपुढे टिक माझीच होती. माझ्या आईचा शुक्रवारचा दिवा कधी चुकला नाही, आणि मी हे केलं.

रविवारी साहेबांनी सही केली. शुक्रवारची यादी वेगळी झाली. ती साराबाईने सांगितली, मी लिहिली. तेव्हापासून कुणी काम अर्धवट ठेवलेलं दिसलं, की ओरडायच्या आधी मी विचारते, का ठेवलंस.