कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातले फॉगर

"आप्पा, ते फॉगर बंद करा," मी तिसऱ्यांदा सांगितलं. आप्पा व्हॉल्व्हवर हात ठेवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. हात काही हलला नाही.

"उन्हाळामा याच फॉगरवर जगनात ना त्या? मंग आते कसाले बंद करस?"

भाद्रपदातली सकाळ. अकरा वाजले होते, वारा नावाला नव्हता. अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला. पंपघराशेजारी जांभळाच्या सावलीत आठ फूट उंच जाळीचा पिंजरा, आणि त्यात चार फॉगर फुल्ल चालू. खाली चिखल झालेला. पिंजऱ्याला तीन बाजूंनी पांढरा प्लॅस्टिकचा कागद बांधलेला, तो आप्पांनीच बांधला होता. आत वरच्या फांदीवर एक कॅमेलिऑन भर दिवसा डोळे मिटून बसला होता. त्यांची सून रेणू जाळीला नाक लावून उभी होती.

"काका, हे दिवसा डोळे मिटत नाहीत," ती मला म्हणाली. "मिटले की समजायचं, काहीतरी बिघडलंय."

मी ठिबक सिंचनाचा माणूस. सव्वीस वर्षं एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो, आता शहाद्यात स्वतःचं काम करतो. केळी, ऊस, पपई. सरड्याच्या पिंजऱ्याला ठिबक करून द्यायचं काम माझ्याकडे येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

ते काम एप्रिलमध्ये आलं. रेणू माहेरची नाशिकची, इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लग्नाआधीपासून तिच्याकडे कॅमेलिऑनची जोडी आहे. आपल्या रानातला सरडा धरून पाळायला कायद्याने बंदी आहे. हे परदेशी जातीचे, रीतसर कागद असलेले, वनखात्याकडे नोंद केलेले. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, रंग बदलणारं जनावर घरात नको. मग ते आप्पांच्या मळ्यात आले. आप्पांनी परवानगी देताना सुनेला एक अट घातली होती, तीही माझ्यादेखत: "यामातला एक जरी मरना, तं हाई सर्व बंद. परत मले सांगानं नही." रेणूने मान हलवली होती.

काम तसं सोपं होतं. कॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्याला दिसला पाहिजे, मग तो चाटतो. म्हणून पिंजऱ्यातल्या जास्वंदीच्या डोक्यावर मी ड्रिपर लावले. ड्रिपर म्हणजे थेंब थेंब सोडणारं टोपण. आणि उन्हासाठी फॉगर, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं नोझल. पंपघराच्या छपरावर पाचशे लिटरची वेगळी टाकी, तिला छोटा पंप, पंपाला टायमर. दर तासाला दोन मिनिटं. नर आणि मादी भांडतात म्हणून मध्ये जाळीचा पडदा. वर हिरवी शेडनेट. मे महिन्यात शहाद्यात रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, पण ते दोघं हिरवेगार बसून होते.

आणि आप्पांचं काय झालं, तर रोज सकाळी केळीला चक्कर मारून झाली की ते खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसायला लागले. विचारलं तर म्हणत, मोटरीवर लक्ष ठेवतोय.

आता मुद्दा असा, की फॉगर हवा गार करतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. हवा कोरडी असेल तर वाफ होते. भाद्रपदात हवा आधीच ओली. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तिथे धुकं कुठून वाळणार? ते पाणी नुसतं हवेत लटकतं आणि जनावराच्या अंगावर बसतं. त्यात प्लॅस्टिक बांधून वारा अडवला की पिंजऱ्याचा कुकर होतो.

"आप्पा, पावसाळामा कूलर लाई बठतस का तुम्ही?" मी विचारलं.

"मन्हं राहू दे. त्या मुक्या जीव शेत."

"टायमर का बंद केला?"

"तो तं कवाच बंद शे."

हे त्यांनी इतक्या निवांतपणे सांगितलं की माझं डोकं फिरलं. आम्ही डोकं लावून सिस्टीम बसवायची आणि या लोकांनी टायमर बंद करून व्हॉल्व्ह हातात घेऊन बसायचं! मी प्लॅस्टिक फाडून काढलं. फॉगर स्वतः बंद केले. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, बाकी दिवसभर फक्त ड्रिपर, असं दोनदा बजावलं. जाताना पाहिलं, फॉगरला प्रेशर नेहमीपेक्षा छान होतं. माझ्याच कामावर खूश होऊन मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणूचा फोन. नर फांदीवरून खाली पडला होता.

गेलो. नर एका टोपलीत, कापडावर. रंग मातकट. डोळ्यांचे उंचवटे आत गेलेले. मादी अजून फांदीवर होती, पण तिचेही डोळे मिटलेले. तिच्या पोटात अंडी होती, ते बाहेरूनही कळत होतं. रेणू रडत नव्हती. ती नाशिकच्या एका डॉक्टरशी फोनवर बोलत होती आणि ते विचारतील ते सांगत होती.

"काका, पाण्यात काही आहे का?" फोन छातीशी धरून तिने विचारलं. "पानांवर बघा ना."

जास्वंदीच्या पानांवर पांढरा थर होता. मी म्हटलं, क्षार असतील, आपल्याकडे बोअरचं पाणी असंच. पण इथे बोअर नाही, विहीर आहे, आणि ह्या विहिरीचं पाणी गोड आहे हे मला चांगलं माहीत होतं. बॅगेतून ईसी मीटर काढला. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते हा पेनाएवढा मीटर सांगतो. आधी विहिरीचं पाणी मोजलं. मग ड्रिपरखाली वाटी धरून ते मोजलं. आकडा तिपटीच्या वर.

तिप्पट कशाने होतो ते मला मीटरशिवायही कळतं. केळीला पाण्यातून विद्राव्य खत देतात. मोटरीच्या पाइपला व्हेंचुरी नावाचा अरुंद गळा बसवलेला असतो. पाणी त्यातून जाताना बादलीतलं खत ओढून घेतं. त्या व्हेंचुरीच्या पुढच्या पाइपातलं पाणी म्हणजे खताचं पाणी. पण पिंजऱ्याची लाइन तर टाकीवर होती.

मी मान वर केली. पंपघराच्या छपरावर टाकी नव्हती.

काल मी दोन तास इथे आरडाओरड केली होती. एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"टाकी कुठंय? हाई लाइन कोनी जोडी आठे?" मी ओरडलो. माझा आवाज चांगलाच चढला होता. आप्पांचा सालदार जामसिंग, म्हणजे मळ्यावर वर्षाने राहणारा गडी, खत ढवळायची काठी टेकवून उभा राहिला.

"मीनी जोडी, भाऊ."

"खतना पुढे? अक्कल शे का नही?"

"तुम्हीच सांगं ना, फोनवर. टाकी फुटनी तवय मी फोन कया व्हता. मी विचारं, व्हेंचुरीना पुढे जोडू का मांगे? तुम्ही म्हनात, कोठे बी जोड रे, मी येस दोन दिनमा."

पंधरा दिवसांपूर्वी मी विसरवाडीला हायवेच्या कडेला पाइपांची गाडी उतरवत होतो. ट्रकांचे हॉर्न, हमालांशी वाद, कानाला फोन. जामसिंगने जो प्रश्न विचारला तोच प्रश्न शिकलेल्या माणसाने विचारायला हवा होता, आणि शिकलेला माणूस 'कोठे बी' म्हणून मोकळा झाला होता. दोन दिवसांत येणार होतो, तेही विसरलो. टाकी गेली तसा पंप गेला, पंप गेला तसा टायमर गेला. मोटर चालू की फॉगर चालू. प्रेशर छान होतं, कारण ते पाच हॉर्सपॉवरच्या मोटरचं होतं. पंधरा दिवस त्या दोघांच्या डोळ्यांत खत फवारलं जात होतं, आणि काल मी फॉगर बंद करून ड्रिपर तेवढे चालू ठेवून गेलो होतो. म्हणजे प्यायलाही तेच.

मला जामसिंगकडे बघवेना.

मग पळापळ. लाइन तोडली. विहिरीचं स्वच्छ पाणी घागरीने आणून अख्खी जास्वंद धुतली, जाळी धुतली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रेणूने सलाइनने दोघांचे डोळे धुतले. एका डब्याला सुईने भोक पाडून तो मी मादीच्या वर टांगला. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं ठिबक ते. जामसिंग डबा भरत राहिला.

दुपारी चारच्या सुमारास नर गेला.

आप्पा केळीतून आले ते टोपलीपाशी थांबले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि सुनेला म्हणाले, "बोलेल व्हतं ना मी? आपली हवा त्यासनी नही. आते बंद कर हाई सर्व. ती दुसरीले बी दी टाक कोनले तरी."

रेणूने पुन्हा तशीच मान हलवली.

खरं सांगतो, गप्प बसलो असतो तर खपलं असतं. हवेवर गेलं असतं. जामसिंग स्वतःहून तोंड उघडणार नव्हता, रेणू सासऱ्यांसमोर वाद घालणार नव्हती. आणि आप्पांच्या ओळखीवर माझी त्या पट्ट्यातली निम्मी कामं चालतात. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, येऊन गेलं नाही, चांगलं बसून राहिलं.

"आप्पा, हवानी मारं नही," मी म्हटलं. "मीनी मारं. मी फोनवर चुकीचं सांगं. खतना पानीवर जोडाले मीनीच सांगं. येमा सूनबाईनी चूक नही, जामसिंगनी बी नही."

आप्पा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ऐकायची तयारी होती.

"काल तू मले कितला बोलना," ते म्हणाले.

"हो."

"प्लॅस्टिक बी फाडी टाकं मन्हं."

"प्लॅस्टिक तुम्हनं चुकीचंच व्हतं, आप्पा."

त्यांनी नाकातून श्वास सोडला. मग खुर्ची ओढून मादीच्या समोर लावली, तिच्यात बसले आणि पाठमोरेच बोलले, "टाकी आज बसाड. आजच. आनि बेटा, तुन्हा त्या डॉक्टरले इचार, हिले आते काय खाले देवानं."

रेणू फोन शोधायला लागली. तिला तो सापडेना. तो तिच्या हातातच होता.

अंधार पडायच्या आत मी शहाद्याहून टाकी आणून बसवली. लाइन व्हेंचुरीच्या मागे, विहिरीच्या बाजूला, आणि जोडणीवर लाल रंगाने खूण केली. मादीने दुसऱ्या दिवशी एक डोळा उघडला, तिसऱ्या दिवशी पाणी चाटलं. तीन आठवड्यांनी रेणूने ठेवलेल्या वाळूच्या टबात तिने अंडी घातली. त्यातली किती जगतील ते रेणूलाही सांगता येत नाही. मादीचा दुसरा डोळा अजून नीट उघडत नाही. तो तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणतात. मी गेलो की ती त्याच बाजूने माझ्याकडे बघते. निदान मला तसं वाटतं.

धंद्यात एक बदल केलाय. फोनवर कोणी विचारलं, भाऊ, हे कुठे जोडू, तर मी म्हणतो, काही जोडू नको, मी येतो. वीस-पंचवीस किलोमीटर पडतात, पुष्कळदा उगाचच. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.