बांधून आणलेली गाडी

लोक म्हणतात, गुलाबसिंग मिस्तरी फार तापट. असेन. खापरसारख्या ठिकाणी, गुजरातकडे पळणाऱ्या ट्रकांच्या धुरळ्यात गॅरेज टाकून बसा, मग बघू तुम्ही किती गोड बोलता ते. पण गिरधर पाटलांच्या गाडीवरून माझं जे डोकं सरकलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

गिरधरभाऊ ब्राह्मणपुरीचे. खातंपितं घर, केळी, ऊस, कापूस. कारभार मोठे भाऊ चुनीलालनानांकडे आणि सगळे एकाच चुलीवर. गिरधरभाऊंचा जीव शेतीपेक्षा त्यांच्या काळ्या काँटेसात. गावात कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, कुणाच्या पोरीची पाठवणी निघाली, की हीच गाडी. नुसती हाक मारा, माणूस चप्पल शोधायलासुद्धा थांबायचा नाही. कुणाकडे पेट्रोल मागितलं नाही की उपकार सांगितले नाहीत.

मग पक्षाघाताचा झटका आला. डावा पाय गेला आणि जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख, बरं का! बोलायचे ते सगळं बरोबर, फक्त एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. आणि आपल्या लोकांना कुठला दम! पहिला शब्द कानावर पडला की उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे. भाऊ म्हणाले "चहा", की कप हातात. त्यांना सांगायचं असायचं, चहा नको.

ज्याने अख्खं गाव फिरवलं तो माणूस ओट्यावर बसून राहायचा. दाढी करायला जायचं, तरी पुतण्या हेमकांत मोकळा होण्याची वाट बघायची. मोकळा तो कधी व्हायचा? मोबाइल खाली ठेवला तर ना!

एक दिवस भाऊ बायकोला, शांतीबाईंना घेऊन काळीपिवळीतून माझ्या दारात उतरले. बाकावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "गुलाबभाऊ... मन्हा पाय गया. गाडी... नही गयी."

मी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की क्लचला डावा पाय लागतो, तर क्लचच नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसव. उजवा पाय धडधाकट आहे, एक्सिलरेटर आणि ब्रेक, संपलं. "मला... कोणाला... विचारायला लागू नये," एवढं बोलून ते थांबले. डोळे भरले होते. शांतीबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

आता काँटेसात ऑटोमॅटिक बसवणं म्हणजे पोरखेळ नाही. सुरतच्या भंगारात एका जपानी गाडीचा चार गिअरचा बॉक्स सापडला, त्यातला चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन कमी फिरवून गाडी पळवणारा. इंजिनाची बोल्टची भोकं एकीकडे, बॉक्सची दुसरीकडे. मधली जाड प्लेट लेथवर करून घेतली. मागची चाकं फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड केला, बॅलन्स केला, तेल थंड करायला पुढे जाळी लावली. एकदा सगळं आवळत आणलं आणि लक्षात आलं, इंजिनाचा जोर बॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या पंपाच्या खाचेत पुरता बसलेलाच नाही. तसाच आवळला असता तर पंपाचा चुरा झाला असता. स्वतःला शिव्या घालत पुन्हा सगळं उतरवलं. एक्सिलरेटरकडून बॉक्सकडे जाणारी केबल तर किती वेळा ओढली नि सोडली! ती ढिली राहिली की गिअर घसरतो, फार ताणली की धक्का देतो.

शेवटी ट्रायल. भाऊ स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे हेमकांत. अक्कलकुव्याच्या रस्त्याला गाडीने एक, दोन, तीन गिअर स्वतःहून बदलले, आणि पुढे ओव्हरड्राइव्ह पडला. इंजिनाचा गोंगाट एकदम उतरला. गाडी नुसती वाहत होती. भाऊ हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, रस्त्याकडे बघा हो, मला पोरंबाळं आहेत!" तर आणखीनच हसले.

परत आल्यावर मी दोघांना समोर उभं करून सांगितलं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन फिरतं तेव्हाच तेलाचा पंप फिरतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली तर मागची चाकं बॉक्सला आतून फिरवतात आणि तेल काही चढत नाही. सगळं कोरडं घासून जळतं. म्हणून बंद पडली तर ओढायची नाही, मला फोन करायचा. भाऊंनी मान हलवली. हेमकांत म्हणाला, "हो काका, हो." बोट मोबाइलवर.

गाडी न्यायला भाऊ, नाना आणि हेमकांत आले त्या दिवशी मी नेमका तळोद्याला एका लग्नात. संध्याकाळी घरी आलो तर बायको, जमनाबाई, म्हणाली, "नेली गाडी. ट्रॅक्टरला बांधून नेली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या घराची एक रीत आहे. त्यांच्या आजोबांनी पहिला ट्रॅक्टर घेतला, तेव्हा लक्ष्मी बैलांच्या मागून यावी म्हणून शहाद्याहून तो बंद ठेवून बैलजोडीला बांधून आणला होता. तेव्हापासून जीप आली, काँटेसा आली, सगळ्या बांधून आल्या. इंजिनाची मधली वायर, जिच्याशिवाय ते सुरूच होत नाही, ती काढून पूजेच्या ताटात ठेवायची, आणि वेशीवर नारळ फुटला की थोरल्याने ती परत लावायची. आत मालक एकटाच बसणार. काँटेसाचं मशीन नवं, म्हणजे गाडी नवी, असं नानांनी ठरवलं. पण बैल तर केव्हाच विकलेले! मग काय, ट्रॅक्टर. बैलांच्या चालीने नेली असती तर एखादे वेळी वाचलीही असती. हेमकांतने खापर ते ब्राह्मणपुरी ट्रॅक्टर नुसता पिटाळला.

जमनाबाईने डोळ्यांनी पाहिलेलं. साखळी अडकवत होते तेव्हा भाऊ खिडकीतून हात हलवून सांगत होते, "बांधू... बांधू..." नाना म्हणाले, "हां, बांधी ऱ्हायनूत ना! आमना घरनी गाडी बांधीसनच येस." पुढचा "नका" तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी ब्राह्मणपुरी गाठली. गाडी अंगणात, बोनेटवर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. सुरू होत होती, पण जागची हलत नव्हती. मी खाली शिरून तेल काढलं. काळंकुट्ट, आणि जळका वास.

हेमकांत हसत सांगत होता, "काका, गिरधरबापू पूर्ण रस्ताभर हॉर्न वाजवत होते! आम्हाला वाटलं खुशीत आहेत, म्हणून मी अजून पळवली. मधेच दोनदा ब्रेक मारला, साखळी तुटता तुटता वाचली. नाना ओरडले, ब्रेकवरथून पाय काढ रे!"

"अरे गाढवा, ते तुला थांबवत होते! तुला सांगितलं नव्हतं का मी?"

"तुम्ही म्हणालात, बंद पडली तर ओढू नका. ती कुठे बंद पडली होती?"

मी कपाळावर हात मारला.

चुनीलालनाना ओट्यावरून म्हणाले, "मिस्तरी, पोराला बोलू नका. गिरधरचा पाय चुकीच्या जागी पडत होता, त्यातच जळलं. आम्ही आधीच सांगत होतो, त्याच्याच्याने आता गाडी चालवणं व्हायचं नाही."

"नाना, पायाने नाही जळलं. तुमच्या साखळीने जळलं. बॉक्स खोलतो, आतल्या प्लेटा बदलतो, भाऊ पुन्हा चालवतील. त्यांच्या पायात काही खोट नाही."

बायका दारात आल्या. नाना उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाले, "म्हणजे बापजाद्यांची रीत पाळली आणि मी भावाचं नुकसान केलं. ठीक. गिरधरनेच सांगावं. तो हो म्हणाला तर आजपासून चूल वेगळी, कारभार वेगळा. मी तोंड दाखवणार नाही."

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊंनी शांतीबाईंकडे पाहिलं. त्या हातातलं ताट घट्ट धरून उभ्या होत्या, आणि वेगळ्या चुलीचं नाव निघताच त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आजारी नवरा घेऊन ती बाई कुठे जाणार होती?

मी म्हटलं, "भाऊ, बोला हो. खरं काय ते सांगा. मी आहे ना इथे!"

भाऊंनी ओठ हलवले.

"चुकी... मन्ही शे," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "मन्हाच... पाय... पडना... ब्रेकवर. आते... गाडी... मी नही... चालाडाव."

केवढा वेळ लागला त्या माणसाला! आणि अख्खं घर, नाना, हेमकांत, दारातल्या बायका, सगळे श्वास रोखून ऐकत होते. त्या दिवशी कोणीही त्यांना मधेच तोडलं नाही.