खोक्यावरचं कुंकू

मंडळी, आज डोकंच फिरलं.

ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं पार्सल मानोऱ्याहून घरी आलं, तवा मी वावरात होतो. आईनं नव्या वस्तूले लावतात तसं खोक्याले हळद-कुंकू लावलं, मंग उघडलं. आत नुसती मशीन, भांडी एकबी नाही!

कंपनीले फोटो पाठवले. उत्तर आलं, "खोक्यावर डाग आहेत. वस्तू वापरलेली दिसते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्या."

व्हिडिओ कोन काढते आमच्याकडं? फोन लावून कुंकवाचं समजावून सांगतलं. पलीकडची बाई लय गोड बोलली, "सर, तुमची तक्रार बंद झाली आहे."

आई बाजूलेच होती. हळूच म्हणे, "माह्या कुंकवानं बिघडलं का रे?"

काय सांगू तिले? तुमीच सांगा.