शेवटून दुसरं प्रकरण

माझी आत्या चाळीस वर्षं इंग्रजी रहस्यकथांची भाषांतरं करत आली. त्या कथांत 'इन द निक ऑफ टाइम' हे शब्द हटकून येतात. निक म्हणजे खाच. वेळेच्या नेमक्या खाचेवर, क्षणाचाही उशीर न होता. सुरा उगारलेला असतो, तेवढ्यात दार तुटतं आणि नायक आत शिरतो. शेवटून दुसऱ्या प्रकरणात, ठरलेलं. आत्या तिथे 'ऐन वेळी' लिहायची आणि स्वतःशीच हसायची, "सुटला बिचारा!"

डॉक्टरांनी तिला काचबिंदू असल्याचं सांगितलं तेव्हा मी सोबत होते. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर याच महिन्यात ऑपरेशन करा," असं त्यांनी बजावलं. प्रकाशकाला कळवलं, तर फोनवर म्हणतो कसा, "करा की बाई, पण हातातलं पुस्तक संपवून. छपाई अडलीय." ते संपलं, तर आणखी एक. मी घसा फोडून भांडले. आत्याचं एकच पालुपद, "अगं, होतं सगळं ऐन वेळी." जन्मभर तेच लिहून लिहून तिला ते खरंच वाटायला लागलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पाच महिन्यांनी गेलो. डॉक्टरांनी बॅटरी तिच्या डोळ्यांसमोर धरली, बाजूला केली, पुन्हा धरली.

"लावलीत का हो?" आत्याने विचारलं.

ऑपरेशनचा आता काही उपयोग नव्हता.

आठवड्याभरात प्रकाशक घरी आला, तोही नवं पुस्तक घेऊन. "बाई तोंडी सांगतील, तू लिहून घे," मला म्हणाला. लाज कोळून प्यायलेला माणूस! पुस्तक त्याच्याच अंगावर भिरकावणार होते, पण आत्याने मनगट धरलं. "राहू दे. करू आपण."

मी इंग्रजी वाचायची, ती मराठी सांगायची. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ते शब्द आलेच. मी वाचले आणि सवयीने 'ऐन वेळी' लिहूनही टाकलं.

"काय लिहिलंस? खोड ते." आत्याने पेनाची खरखर ऐकली होती. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "लिही, तो पोहोचला तेव्हा उशीर झाला होता."

"मग शेवटचं प्रकरण, आत्या?"

"नाहीये शेवटचं प्रकरण."

मी खाली रेघ मारली आणि तो कागदांचा गठ्ठा त्याच संध्याकाळी प्रकाशकाच्या टेबलावर आपटून आले.